हिरवा दिवा, बंद साइट
"दिवा तं हिरवा हाये भाऊ, मंग साइट काहून उघडून नाही राह्यली?" यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात नेटचं काम करताना हा प्रश्न मी सगळ्यांत जास्त ऐकला.

१४ जानेवारी २००५ला बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं आणि पुढे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून आमच्या तालुक्यांतही आलं. तेव्हा मोडेम ब्रिज मोडवर असे. व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ भरायचं आणि विंडोज एक्सपीतून डायल करायचं. पासवर्ड चुकला तर एरर ६९१, पलीकडून उत्तरच नाही आलं तर ६७८. गिऱ्हाईक फोनवर आकडा सांगायचं, मला दुखणं कळायचं. मग घरोघरी वायफाय आलं, डायल करण्याचं काम राउटरकडे गेलं आणि ते आकडे दिसेनासे झाले. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा बदल मी हाच मानतो.

डायल करण्याची ही पीपीपीओईची रीत १९९९च्या आरएफसी २५१६ या दस्तऐवजातली. पासवर्ड पटला की आयपीसीपी नावाच्या देवाणघेवाणीत राउटरला आयपी मिळतो. डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या सर्व्हरचे, दोन पत्तेही तिथेच मिळतात, पण राउटरने मागितले तरच. ही सोय १९९५च्या आरएफसी १८७७ने डायल-अपसाठी जोडली, मूळ पीपीपीत ती नव्हती. राउटर ते पत्ते स्वतःजवळ ठेवतो आणि घरातल्या मशीनना बहुधा आपलाच १९२.१६८.१.१ देतो. म्हणून साइटचं नाव अडकायच्या जागा दोन: राउटर आणि घरातलं मशीन.

डिसेंबर २००९मध्ये गूगलने आपलं डीएनएस ८.८.८.८ सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हापासून कित्येक जण तेच भरून मोकळे होतात. साइट उघडते, दोष झाकला जातो. मला हे पटत नाही. ८.८.८.८ला मी फक्त पिंग करतो. उत्तर आलं म्हणजे लाइन, पासवर्ड सगळं ठीक. मग राउटरचं स्टेटस पान उघडतो. डीएनएसच्या जागी नुसती शून्यं असली, तर राउटरला पत्ते मिळालेलेच नाहीत.

दिग्रसच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मात्र राउटरचे पत्ते बरोबर होते. मोबाइलवर साइट उघडत होत्या, संगणकांवर नाही. फायबर नवं होतं, पण संगणकांत आधीच्या कंपनीचे डीएनएस कोणीतरी हाताने भरून ठेवलेले. ते सर्व्हर बाहेरच्या गिऱ्हाइकाला उत्तर देत नव्हते. प्रत्येक मशीनवर पत्ते आपोआप घेण्याचा पर्याय लावला आणि पोरांनी थांबलेले स्कॉलरशिपचे फॉर्म पुढे भरायला घेतले.