नरसी ते घुमान : नामदेवांच्या पदांतील मराठी खुणा

१/ हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे (इ.स. १२७०–१३५०) जन्मगाव. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानलाही ‘बाबा नामदेवां’चे स्थान आहे. हे दोन नामदेव एकच का? अभ्यासकांत यावर दीर्घकाळ वाद झाला. त्याच्या उत्तराची एक वाट भाषेतून जाते.

२/ नामदेवांच्या गाथेत ‘तीर्थावळी’चे अभंग आहेत. ज्ञानेश्वरांसमवेतच्या तीर्थयात्रेची हकिकत त्यांत येते. पंजाबातील वास्तव्याची अशी हकिकत गाथेत नाही. त्या वास्तव्याविषयी काही सांगू शकतील अशी आहेत ती गुरु ग्रंथसाहिबातील त्यांची ६१ पदे.

३/ या पदांची भाषा उत्तरेकडील संतांची मिश्र हिंदी आहे. तरीही तिच्यात ‘आनीले’, ‘भराईले’, ‘काटीले’ अशी क्रियारूपे भेटतात. जुन्या मराठीतील ‘आणिले’, ‘भरिले’ यांच्याशी त्यांचे साम्य चटकन लक्षात येते.

४/ मात्र येथे सावधगिरी हवी. भूतकाळाचा ‘ल’ भोजपुरी, मैथिली आणि बंगालीतही आढळतो. केवळ या प्रत्ययावरून कवी मराठी ठरत नाही. त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते.

५/ ती जोड दैवताच्या नावात मिळते. पदांत ‘बीठल’ येतो. ‘व’चा ‘ब’ झाला, म्हणजे उच्चार उत्तरेचा झाला. नाव मात्र पंढरीचेच राहिले. राम, गोविंद ही उत्तरेस परिचित नावे पदांत असतानाही विठ्ठल सुटला नाही.

६/ व्यवसायाचे नाव मात्र बदलले. मराठी अभंगांतील ‘शिंपी’ येथे ‘छीपा’ होतो. उत्तरेत छीपा म्हणजे कापडावर छपाई करणारा. श्रोत्यांना आपले कूळ कळावे म्हणून त्यांच्या ओळखीचा शब्द घेतला गेला असावा.

७/ गुरु अर्जनदेवांनी ग्रंथाचे संकलन १६०४ मध्ये पूर्ण केले. म्हणजे नामदेवांनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. इतक्या काळात गायक आणि लेखनिक अनोळखी शब्द सहसा आपल्या भाषेच्या वळणावर आणतात. अशा घडणीतून टिकून राहिलेल्या मराठी खुणांचे मोल म्हणूनच अधिक.

८/ या खुणांनी वाद कायमचा मिटत नाही. पण ‘एकच नामदेव’ या मताला त्या बळ देतात. एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. मराठी साहित्यिक तेथे पोहोचले, त्याच्या कितीतरी आधीपासून पंजाबातील कीर्तनांत ‘बीठल’ हे नाव गायले जात होते.