मिरजेहून मांडवीकडे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आमच्या कुटुंबांत गोव्याची पहिली सहल ठरू लागली, की हल्ली कागदावर दोन नावे प्रथम उतरतात. पहिल्या रात्री पणजीतील कॅसिनो आणि दुसऱ्या दिवशी दूधसागर धबधबा. जुन्या गोव्यातील बाँ जेझूचे महामंदिर त्याच कागदाच्या तळाशी, वेळ उरल्यास, अशा शेऱ्यासह येते. सल्ला विचारावयास येणाऱ्या तरुण मंडळींच्या हाती असे कागद आम्ही वारंवार पाहिले आहेत. त्यांत रागावण्यासारखे काही नाही. पहिल्या प्रवासाची हौस ही निर्मळ गोष्ट आहे. परंतु आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हाच प्रवास केला, तेव्हा या यादीचा क्रम नेमका उलटा होता. तो उलटला कसा, याचा इतिहास प्रवासाला निघण्यापूर्वी ठाऊक असलेला बरा.

प्रथम भूगोल. ही तिन्ही ठिकाणे एकाच जलसंसारातील आहेत. दूधसागरावरून सुमारे ३१० मीटर खाली कोसळणारे पाणी खांडेपार नदीतून मांडवीला मिळते. मांडवी पुढे जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून वाहत पणजीला पोहोचते आणि तेथे कॅसिनोंच्या बोटी नांगर टाकून उभ्या आहेत. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावरचे पाणी आधी संताच्या समाधीजवळून जाते आणि मग फाशांच्या टेबलाखालून. आम्ही कृष्णाकाठची माणसे. आमची नदी महाबळेश्वरी उगम पावून समुद्राकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराची दीर्घ वाट धरते. ज्या आटपाडी-जतच्या माळावर पावसाची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, तेथील माणूस दूधसागरासमोर उभा राहिला म्हणजे त्याला काय वाटत असेल, हे कोकणातल्या माणसाला सहजी उमगणार नाही.

आता वाटेविषयी. आमच्या भागातून गोव्याला जाणारा लोहमार्ग सहलीसाठी झालेला नाही. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर महादुष्काळ कोसळला. माणदेशाचा प्रदेश त्यात होरपळून निघाला. धान्य वेळेवर पोहोचवावयाचे तर रूळ हवेत, हे सरकारला त्या मरणकळांनी शिकवले आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. पुणे, सातारा रोड, मिरज, बेळगाव, लोंढा असा तिचा मीटरगेज मार्ग १८९०च्या सुमारास पुरा झाला. दुसऱ्या टोकाला डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला होता. त्यात गोव्यातील मिठावर इंग्रजांनी ताबा मिळवला आणि बदल्यात मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधण्याची वाट खुली झाली. लंडनमधील भांडवलावर वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे बांधली गेली आणि १८८८ मध्ये ती कॅसलरॉकपर्यंत सुरू झाली. मिठागरांवर पोट भरणाऱ्या गोमंतकीयांनी या कराराची किंमत चुकवली. ती कहाणी वेगळ्या लेखाची आहे.

कॅसलरॉक ते कुळे हा घाट म्हणजे त्या काळच्या अभियंत्यांची आणि अनाम मजुरांची तपश्चर्याच होय. ३७ फुटांत १ फूट अशी चढण, एकामागून एक बोगदे आणि ऐन दूधसागराच्या अंगाला चिकटून जाणारा पूल. मुरगाव बंदराला माल पोहोचावा म्हणून हा मार्ग डोंगरातून काढला गेला. त्या ओघात धबधबा प्रवाशांच्या खिडकीत आला. हे निसर्गदर्शन आम्हांला मालगाडीच्या कृपेने लाभले, असे म्हणावयास हरकत नाही.

या रुळांवरून आमची माणसे गोव्याला जाऊ लागली ती प्रामुख्याने संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी. संत गोव्यात उतरले ६ मे १५४२ रोजी. चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांना देवाज्ञा झाली आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला. पहिले जाहीर शवदर्शन १७८२ मध्ये झाले. त्यांच्या मृत्यूला ४०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा डिसेंबर १९५२ ते जानेवारी १९५३ या काळात मोठा सोहळा झाला. त्या वेळी गोवा हे परराज्य होते. कॅसलरॉकला भारतीय आणि कुळ्याला पोर्तुगीज अधिकारी सामान तपासत. भाविकांच्या गाठोड्यांत भाकरी, चटणी आणि मेणबत्त्या यांवाचून तपासण्यासारखे फारसे काय असणार!

पुढे १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, नाकेबंदी कडक झाली आणि सीमेपलीकडची गाडी बंद पडली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ही वाट पुन्हा मोकळी झाली. १९६४च्या डिसेंबरात मुंबईस जागतिक युखरिस्त परिषद भरली. त्याच सुमारास गोव्यात शवदर्शन झाले आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी ते होत आले आहे. सर्वांत अलीकडचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळातील. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, परंतु मिरजेपुढचा मार्ग आणखी दोन दशके मीटरगेजच राहिला. त्यामुळे मिरजेच्या फलाटावर बोचकी उचलून गाडी बदलावी लागे. त्या काळी मिरज जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडची नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या उभ्या असत. १९९०च्या दशकात गोव्यापर्यंत रूळ रुंद झाले आणि सातारा-सांगलीच्या माणसाला गाडी न बदलता वास्कोपर्यंत जाता येऊ लागले.

योगायोग असा, की वाट सुलभ होत होती त्याच दशकात मांडवीत दुसरे आकर्षण नांगर टाकण्याच्या तयारीत होते. येथे १९७६ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देण्याचा आणि त्यांवर कर बसविण्याचा कायदा केला. त्याच वर्षी गोवा, दमण आणि दीव येथे सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा कायदा झाला. कागदावर पाहता जुगार महाराष्ट्रात यावयाचा आणि गोव्यातून जावयाचा. घडले उलटे. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही. एकामागून एक सरकारे आली, कोणीही त्याची अंमलबजावणीची तारीख जाहीर केली नाही आणि अखेर २०२३ मध्ये तो रद्द करण्याचे ठरले. गोव्याने मात्र आपल्या बंदीच्या कायद्याला १९९२ मध्ये एक खिडकी पाडली. पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना मुभा मिळाली. १९९६ मध्ये दार उघडले आणि किनाऱ्यापलीकडील जहाजांवर टेबलांवरचा खेळही चालू शकेल, असे ठरले. कायद्यातील शब्द समुद्राकडे बोट दाखवतो, जहाजे मात्र पणजीच्या रस्त्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, नदीत उभी आहेत. त्यांना दुसरीकडे हलविण्याची भाषा अनेकदा झाली आणि प्रत्येक वेळी मुदत वाढली. सरकारी तिजोरीला त्यांचा आधार मोठा आहे, हे त्यामागचे साधे कारण.

यापुढची गोष्ट आमच्या वाचकांनी दोनदा वाचावी. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळावयास जाण्यास मनाई आहे. स्थानिकांची घरे बुडू लागली, आया-बायांनी तक्रारी केल्या, तेव्हा सरकारने आपल्या माणसांपुरते दार लावून घेतले. पाहुण्यांसाठी ते उघडेच आहे. वय २१ वर्षे पूर्ण असले म्हणजे झाले. ही रीत नवी नव्हे. युरोपातील मोनॅको या चिमुकल्या कॅथलिक संस्थानात १८६३ मध्ये माँटे कार्लोचे प्रसिद्ध जुगारगृह उघडले. त्याच्या उत्पन्नावर राजाने पुढे १८६९ मध्ये प्रजेचा प्राप्तिकर माफ केला. मोनॅकोच्या नागरिकांना त्या दालनात जुगार खेळण्याची बंदी आहे. ज्या घरचा यजमान स्वतः ताटाला हात लावत नाही, तेथे पाहुण्याने जेवावे की नाही, याचा विचार पाहुण्यानेच करावयाचा असतो. मांडवीतील त्या पाहुण्यांत आपण मोडतो, सातारा-सांगलीची माणसे, उसाचे बिल आणि दिवाळीचा बोनस खिशात घेऊन निघालेली.

कोणी म्हणेल, फादर, तुमच्या सणाला धर्मग्रामात हाऊझी चालते ती कशी? प्रश्न रास्त आहे, आणि हसून टाळावा असा मुळीच नाही. ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत अकारण कठोर नाही. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातील २४१३वा परिच्छेद सांगतो, की नशिबाचे खेळ स्वतःहून अन्यायकारक नसतात. स्वतःच्या वा आश्रितांच्या निर्वाहाला लागणारे धन त्यांत जाऊ लागले, की ते अनीतीचे ठरतात, आणि त्यांचे व्यसन माणसाला गुलाम करू शकते. दहा रुपयांच्या तिकिटाने शाळेच्या छपराला मदत होते आणि मंडळी घटकाभर हसतात. तेथे हरणाऱ्याला पुन्हा खेळण्याचा मोह पडावा अशी व्यवस्था कोणी केलेली नसते. कॅसिनोचे तसे नाही. तेथील फिरत्या चक्राचे गणित पाहा. आकडे १ ते ३६ आणि एक शून्य, मिळून ३७ घरे. नेमक्या आकड्यावर लावलेला रुपया लागला, तर ३५ रुपये जिंकता येतात. ३७ वेळा खेळून सरासरी एकदा जिंकले, तर ३७ रुपये लावून हाती ३६ परत येतात. शंभरामागे २ रुपये ७० पैसे घराचे. दोन शून्ये असलेल्या चक्रात हीच तूट शंभरामागे सव्वापाच रुपयांच्या वर जाते. यात लबाडी काही नाही, सारे उघड आहे. चक्र जितके अधिक वेळ फिरेल तितके ते यजमानाच्या बाजूने बोलते, आणि म्हणूनच प्रवेशाच्या पैशांत जेवण, पेय आणि नाचगाणे दिलेले असते, जेणेकरून पाहुणा उठू नये.

या व्यसनाची ओळख आमच्या संतमालिकेलाही आहे. संत कामिल्लस दे लेल्लिस हा साडेसहा फूट उंचीचा इटालियन शिपाई. १५७४ मध्ये नेपल्सच्या रस्त्यावर फासे खेळताना त्याने शस्त्रे घालवली आणि अखेर अंगातला सदराही घालवला. पोटासाठी त्याला मठाच्या बांधकामावर मजुरी करावी लागली. फेब्रुवारी १५७५ मध्ये त्याचे मन पालटले. पुढे त्याने रुग्णसेवकांचा संघ स्थापन केला आणि त्या संघाच्या झग्यावर तांबडा क्रूस आला. आज तो रुग्णांचा आणि इस्पितळांचा आश्रयदाता संत आहे. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत इस्पितळ उभारल्यापासून वैद्यकीय सेवेसाठी नावाजलेल्या त्या नगरीवरून आमची गाडी गोव्याकडे वळते, हे येथे सहज आठवते.

असो. सहल रद्द करा, असे आम्ही सांगत नाही. ती नीट आखा, एवढेच म्हणतो. बोटीवर जावयाचेच असेल, तर घरून निघतानाच पत्नीसमोर रक्कम ठरवून वेगळी बांधावी आणि बाकीचे पैसे तिच्याकडे ठेवावेत. मात्र सर्वांत अधिक वेळ दूधसागराला आणि जुन्या गोव्याला द्यावा. पावसाळ्यात धबधबा भरून वाहतो, पण तेव्हा जंगलातील जीपगाड्या बंद असतात आणि रुळांवरून चालत जाण्यास मनाई आहे. २०२३च्या जुलैत अशा शेकडो हौशी तरुणांना रेल्वे पोलिसांनी अडवले आणि काहींना उठाबशाही काढावयास लावल्या. साधारणपणे ऑक्टोबरात कुळ्याहून जीपगाड्या सुरू होतात आणि नोव्हेंबरपर्यंत पाण्याला जोर असतो. हे सारे रान भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाचे आहे. तेथून दुहेरी रूळ नेण्याच्या योजनेविरुद्ध गोमंतकीयांनी मोठी चळवळ केली आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

जुन्या गोव्याला सकाळी जावे. पणजीहून ते सुमारे १० किलोमीटर आहे. पणजी ते रायबंदर हा रस्ता १६३३ मध्ये बांधलेल्या लांब दगडी पुलावरून जातो. बाँ जेझूची तांबूस, गिलाव्यावाचूनची भिंत समोर आली, की मुलांना सांगावे, की हे मंदिर १६०५ मध्ये अभिषिक्त झाले, त्या वेळी शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता.

आणि गाडीविषयी शेवटची सूचना. सातारा-सांगलीहून गोवा एक्सप्रेसने जाताना घाट बहुधा रात्री लागतो आणि धबधबा झोपेत निघून जातो. वेळापत्रक एकदा पडताळून परतीचे तिकीट दुपारच्या गाडीचे काढावे. कुळ्याला घाटासाठी जादा इंजिने लागतात, गाडी सावकाश चढू लागते आणि उजेडात पुलावर येते. वास्कोहून निघताना जागा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे वाटून घेतल्या, तर घरातील कोणाचीच दृष्टी वंचित राहणार नाही.