शून्यसुद्धा लिहायचं

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन बाहेर पडायची एक रीत होती. दोन गट पाडायचे. ज्याच्या ढिगात मेलेली पाखरं-जनावरं जास्त, तो जिंकला. पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवलं, की मारू नका, मोजा. त्या नाताळात २७ माणसांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ती मोजणी अजून चालू आहे.

पाणपक्ष्यांची हिवाळी गणना युरोपात १९६७ मध्ये सुरू झाली आणि आपल्या उपखंडात १९८७ च्या जानेवारीत. त्याच वर्षी जूनमध्ये सालिम अली गेले. जानेवारीच का, असं लोक विचारतात. उत्तरेकडून आलेली बदकं तोवर स्थिरावलेली असतात, परतीचा प्रवास सुरू झालेला नसतो. सगळीकडे साधारण एकाच पंधरवड्यात मोजलं, की तोच थवा दोनदा धरला जाण्याची भीती कमी.

पैठणच्या नाथसागरावर मीही मोजायला जातो. हजारांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढा ठोकळा डोळ्यांत बसवायचा, मग असे ठोकळे किती ते पाहायचं. ‘वारकरी मोजतोय’ म्हटलं की पैठणचे लोक चमकतात. आमचा वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी!

२०१६ च्या जानेवारीत दुष्काळ होता. जवळच्या एका पाझर तलावावर गेलो, तर तळाला भेगा आणि मधोमध शेळ्या. सोबतचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, “सर, इथला कागद भरायचाच कशाला?” प्रश्न रास्त होता, मलाही क्षणभर घरी जावंसं वाटलं. पण कागदच नसेल, तर त्या वर्षी तिथं कुणी फिरकलं नाही एवढंच वीस वर्षांनी वाचणाऱ्याला कळेल. पाणी आटलं होतं, पक्षी नव्हते, हे कळणार नाही. आणि उद्या त्या जागी कुणी प्लॉट पाडायला निघालं, तर तिथं पक्षी कधी होते, कधी नव्हते, याला पुरावा हाच.

बांधावर बसून त्यानं ठिकाण, तारीख, वेळ लिहिली. मग एकेका पक्ष्याच्या नावापुढे शून्य घालत गेला. वारकऱ्यापाशी जरा थांबला आणि तिथंही घातलं.