दरडोई उत्पन्न : राज्याराज्यांतील आणि शहरांतील तफावत

एखादे राज्य वा शहर किती संपन्न आहे, हे सांगण्यासाठी दरडोई उत्पन्नाचा आकडा सर्रास वापरला जातो. केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या निधीचे वाटपही बऱ्याच अंशी याच आकड्यावर अवलंबून असते. म्हणूनच तो कसा काढला जातो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

राज्याच्या सीमेत वर्षभरात झालेल्या एकूण उत्पादनाच्या मूल्यातून घसारा वजा केला की निव्वळ राज्य उत्पन्न मिळते. त्याला लोकसंख्येने भागले असता दरडोई उत्पन्न निघते. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्यामुळे ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने धरली गेली.

सहा दशकांतील बदल

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९६०-६१ मध्ये पश्चिम बंगालचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या १२७.५ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ८३.७ टक्क्यांवर आले. याउलट १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर दक्षिणेकडील राज्यांनी आघाडी घेतली. २०२३-२४ मध्ये दिल्लीचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या अडीचपट, महाराष्ट्राचे सुमारे दीडपट, तर बिहारचे जेमतेम एक तृतीयांश होते.

उत्पादन एकीकडे, पैसा दुसरीकडे

हा आकडा रहिवाशांच्या हाती येणारा पैसा मोजत नाही, तर त्या ठिकाणी झालेले उत्पादन मोजतो. बिहारच्या जिल्हावार यादीत पाटण्याच्या पाठोपाठ बेगुसराय जिल्ह्याचे नाव येते. तेथे १९६४ पासून बरौनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. कारखान्याचे उत्पादन जिल्ह्याच्या खाती जमा होते, मात्र त्यातील नफा तेथील शेतमजुराच्या घरी जात नाही. याच्या उलट उदाहरण केरळचे आहे. आखाती देशांतून तेथील कुटुंबांना येणारा पैसा राज्याच्या उत्पन्नात धरला जात नाही, त्यामुळे घरातील सुबत्ता आकड्यात पूर्णपणे उतरत नाही.

शहरांच्या बाबतीत हिशेब अधिक अवघड होतो. आपल्याकडे अधिकृत अंदाज सामान्यतः जिल्ह्यापर्यंतच तयार होतात. मुंबईच्या कार्यालयात काम करणारा कर्मचारी ठाणे जिल्ह्यात राहत असेल, तर त्याचे काम एका जिल्ह्यात आणि घरखर्च दुसऱ्या जिल्ह्यात होतो. शिवाय महानगरातील घरभाडे विचारात घेतले, तर तेच उत्पन्न लहान गावाच्या तुलनेत तोकडे पडते.

निधीवाटपाचा प्रश्न

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना ४५ टक्के भार ‘उत्पन्नातील अंतर’ या निकषाला दिला. दरडोई उत्पन्न जितके कमी, तितका वाटा अधिक, असे हे सूत्र आहे. गोवा आणि सिक्कीम ही लहान राज्ये यादीत अग्रस्थानी असूनही तुलनेसाठी हरियाणाचे उत्पन्न प्रमाण मानण्यात आले.

मात्र हे सूत्र राज्याच्या सीमेवरच थांबते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे हे जिल्हे यादीच्या वरच्या टोकाला, तर नंदुरबार, वाशीम, गडचिरोली हे वर्षानुवर्षे तळाशी राहिले आहेत. राज्याची सरासरी मोठी असल्याने या जिल्ह्यांची गरज केंद्राच्या सूत्रात दिसत नाही, आणि ती भागवण्याची जबाबदारी मुख्यत्वे राज्यावर येते. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीपासून विजय केळकर समितीपर्यंतचे राज्यातील प्रयत्न याच प्रादेशिक असमतोलाचा वेध घेणारे होते.

त्यामुळे दरडोई उत्पन्नाची यादी पाहताना उत्पादन कोठे झाले, पैसा कोणाकडे गेला आणि सरासरीआड कोणते जिल्हे झाकले गेले, हे तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.