आठ वाजताचा ड्रामा

मोठी खाला कराचीहून यायची तेव्हा तिच्या ट्रंकेत अजरकच्या चादरी असायच्या, हैदराबाद सिंधच्या काचेच्या बांगड्या असायच्या, आणि तळाशी जुन्या शालीत गुंडाळलेल्या व्हिडिओ कॅसेटी. बांगड्या बायका वाटून घेत. कॅसेटींवर मात्र हक्क नानीचा. नानीला उर्दू लिहिता येत नव्हतं, कुराण वाचता येई, बोलणं सगळं आपलं कोकणीतलं. तरी कराचीच्या टीव्हीवरची उर्दू तिला आमच्याआधी कळायची.

खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. तिचा नवरा बोटीवर खलाशी. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या आमच्या वस्त्यांत घरटी एक तरी माणूस बोटीवर असायचाच, कुणाचा मुक्काम मुंबईला, कुणाचा कराचीला. 1965च्या लढाईपर्यंत मुंबईहून कराचीला आगबोट जात असे. पासपोर्ट लागे, पण एवढं लांब पोरगी दिली असं कुणाला वाटत नसे. खाला लग्न होऊन त्याच बोटीने गेली. मग लढाई झाली, बोट बंद पडली, आणि माहेर एकदम दूर गेलं. 1976मध्ये समझोता एक्स्प्रेस सुरू झाल्यावर ती यायला लागली: कराचीहून लाहोर, तिथून अटारी, अमृतसर, दिल्ली, मुंबई आणि शेवटी एस.टी. कोकण रेल्वे तेव्हा कुठली! घरी पोचली की पहिला दिवस नुसती झोपायची, आणि नानी तिच्या उशाशी बसून वारा घालत राहायची. दुसऱ्या दिवशी नारळाच्या दुधातली सांदणं. तिकडे नारळ महाग, असं खाला दर वेळी सांगायची, आणि नानी दर वेळी तितकीच हळहळायची.

कुवेतला असलेल्या मामूने व्ही.सी.आर. आणला तेव्हा मी शाळेत होतो. वीज येईल तेव्हा बघायचं. त्याआधीची नाटकं आम्ही बघितलीच नव्हती, ऐकली होती. खाला ती सांगायची. ‘खुदा की बस्ती’ मी असाच ऐकला. शौकत सिद्दीकींच्या कादंबरीवरचं हे नाटक पाकिस्तान टीव्हीने 1969मध्ये दाखवलं आणि लोकांनी मागितलं म्हणून 1974मध्ये पुन्हा नव्याने केलं. लाहोरात तिथलं दूरदर्शन सुरू झालं ते 1964च्या नोव्हेंबरात, म्हणजे सगळाच कारभार अजून कोवळा. खाला तेव्हा कराचीच्या खारादरमध्ये दोन खोल्यांत राहायची. अख्ख्या इमारतीत टीव्ही एकाच घरी. नाटकाच्या वेळेला खाली गल्लीत चिटपाखरू नसे, आणि लग्नाची वेळसुद्धा लोक पुढेमागे करत, असं तिचं म्हणणं. यात खालाच्या जिभेने किती भर घातली असेल ते मला सांगता येणार नाही, पण ‘वारिस’ या नाटकाच्या वेळचीही हीच गोष्ट मी पुढे कितीतरी लोकांकडून ऐकली.

‘खुदा की बस्ती’त कराचीच्या झोपडपट्टीतली एक विधवा आहे, तिची मुलं आहेत, आणि नियाझ नावाचा भंगारवाला. त्याचा डोळा असतो तिच्या मुलीवर, पण लग्न करतो आईशी, आणि विम्याच्या पैशासाठी डॉक्टरला हाताशी धरून तिला हळूहळू मारतो. खाला हे सांगत असताना नानी सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. ‘यतिमाचं खाल्लं मेल्याने,’ ती म्हणाली. अनाथाचा माल खाणारा पोटात आग भरतो, हे कुराणातलं तिला लहानपणापासून पाठ. मशिदीतल्या वाझमध्ये तिने ते शंभरदा ऐकलं असेल. पण तो आग भरणारा माणूस दिसतो कसा, दुकानात बसून हसतो कसा, हे तिला त्या दिवशी कळलं असावं. त्यानंतर गावातल्या एका चुलत्याविषयी बोलताना ती आवाज खाली करून ‘नियाझ’ म्हणायची.

अशा घरात धर्म शिकवायला वेगळा तास लागत नाही. मौलवीसाहेबांनी आम्हाला अरबी अक्षरं शिकवली, नमाजच्या रकाती शिकवल्या, त्यांचे उपकार आहेतच. पण वारसा, कर्ज, शब्द, शपथ, शेजाऱ्याचा हक्क यांबद्दल जे मनात रुजलं ते नानी आणि खाला यांच्या वादावादीतून, आणि त्या वादाला कारण बहुतेक वेळा एखादं नाटकच असे.

‘तनहाइयाँ’ची गोष्ट घ्या. 1985च्या सुमाराचं, हसीना मोईन यांचं नाटक. झारा आणि सानिया या दोन बहिणींचे आईबाप अपघातात जातात, मागे बापाचं कर्ज निघतं आणि घर विकावं लागतं. शहनाज शेख आणि मरीना खान यांनी त्या पोरींचं काम असं केलंय की आम्ही मावसबहीण-भाऊ महिनोन्‌महिने त्यांच्यासारखे बोलायचो. जमशेद अन्सारींचा बुकरात आला की सगळे हसायचे. नानी मात्र घर विकण्याच्या प्रसंगाला सरळ होऊन बसली. ‘बरोबर केलं पोरींनी.’ माझ्या धाकट्या मामूला ते पटलं नाही; बापाच्या व्यवहारासाठी पोरींनी छप्पर का गमवावं? नानीने मग त्याला समजावलं. माणूस गेला की आधी त्याचं कफन-दफन, मग कर्ज, मग त्याची वसीयत असेल ती एक तृतीयांशाच्या आत, आणि उरेल ते वारसांचं. हा क्रम माणसाने ठरवलेला नाही. मय्यतीच्या वेळी नातलग उभा राहून, कुणाचं काही देणं असेल तर माझ्याकडे या, असं सांगतो, ते काय उगाच? मी पुढे वकिली शिकलो तेव्हा मुस्लिम वारसा कायद्याच्या पहिल्याच प्रकरणात हा क्रम भेटला, आणि मला झारा-सानियाचं घर आठवलं.

गंमत बघा, त्या काळातल्या या नाटकांत नमाज पढताना फार कुणी दिसत नाही. सलाम, दुवा, खुदा हाफिज, थोरल्यांसमोर आवाज न चढवणं, नोकरालाही नीट बोलणं, पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणं, एवढंच. फातिमा सुरैया बजिया यांच्या नाटकांत तर घर भरून माणसं. बजिया मूळच्या हैदराबाद दख्खनच्या. ‘शमा’, ‘अफशाँ’, ‘अरूसा’ ही त्यांची नाटकं खालाला जीव की प्राण. आपला मुलूख सोडून आलेली बाई तिकडे बसून आपलं घर पुन्हा मांडते आहे, असं खालाला वाटायचं, आणि सांगताना तिचा गळा दाटायचा. हसीना मोईनही कानपूरच्या. कराचीतलं अर्धं नाटक असं कुठून कुठून आलेल्या माणसांनी उभं केलं.

या नाटकांच्याच काळात पाकिस्तानात जनरल झिया आले. 1977च्या जुलैत सत्ता घेतली, 1979मध्ये हुदूद कायदे आणले, आणि टीव्हीवरच्या बायकांनी डोकं झाकावं असा हुकूम निघाला. बातम्या देणाऱ्या, कार्यक्रम सांगणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पदर आला. महताब चन्ना, ज्यांना पुढे महताब राशदी म्हणून लोक ओळखू लागले, त्यांनी नकार दिला आणि टीव्ही सोडला. ही हकीकत खाला फार अभिमानाने सांगायची, आणि आम्हा मुलांना त्याचं नवल वाटायचं, कारण खालाच्या स्वतःच्या डोक्यावरून ओढणी कधी ढळलेली आम्ही पाहिली नव्हती. झोपेतसुद्धा नाही. अम्मीने एकदा तिला विचारलं. खाला म्हणाली, ‘अगो, मी घेते ती अल्लासाठी घेते. जनरलसाठी घ्यायला लागले तर अल्लासाठी काय उरेल?’ नानी गप्प होती. तिला हे पूर्ण पटलं नसावं. पण तिने खोडलंही नाही.

मला वाटतं त्या सरकारचा हिशेब इथेच चुकला. धर्म कपड्यात बसवला की दिसतो, मोजता येतो, हुकमाने आणता येतो. हसीना मोईन यांनी त्याच वर्षांत, 1982मध्ये, ‘अनकही’ लिहिलं. त्यातली सना घर चालवायला ऑफिसात नोकरी धरते, बडबडते, चुका करते, साहेबाला उलट बोलते, आणि तरीही अख्ख्या कुटुंबाने एकत्र बसून बघावं असं ते नाटक. तिच्या डोळ्यांत खोटेपणा नाही, हे नानीचं प्रमाणपत्र. नानी माणूस असाच जोखायची. पुढे 1987च्या जानेवारीत आपल्या दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हाही ती शेजारच्या कुळवाड्याच्या घरी दर रविवारी जाऊन बसायची, आणि भरत पादुका घेऊन परततो तेव्हा रडली होती. ‘महाभारता’चे संवाद राही मासूम रझांनी लिहिले हे कळल्यावर तिने फक्त मान डोलावली, जणू यात विचारायचं काय.

एका गोष्टीला मात्र नानी खरीच घाबरायची. पडद्यावर कुणी ‘तलाक’ म्हणालं की ती कानांवर हात ठेवायची आणि आम्हाला बाहेर पिटाळायची. निकाह आणि तलाक या गोष्टी थट्टेत बोलल्या तरी खऱ्या धरल्या जातात, अशी हदीस आहे. मग नाटकात बोलल्या तर? ज्या नटाने म्हटलं त्याच्या घरच्या बाईचं काय होणार, याची तिला मनापासून काळजी. खालाने समजूत घातली की नाटकातलं नाव खोटं, बापाचं नाव खोटं, नटाच्या मनात तसं काही नसतं, तो दुसऱ्याने लिहिलेलं नुसतं वाचून दाखवतो. नानी म्हणाली, ‘तोंडातून तर निघालं ना?’ तो वाद कधी संपला नाही. आता सगळीकडे नाटकात तलाक इतक्या सहज उच्चारला जातो की मलाही नानीसारखं कानांवर हात ठेवावंसं वाटतं.

1994मध्ये कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली. व्हिसासाठी इस्लामाबाद गाठणं खालाच्या वयाला झेपेना. तिचं येणं थांबलं. नानी त्याआधीच गेली होती. मधली बरीच वर्षं माझ्या आठवणीत नाटकं नाहीत. मग 2014च्या जूनमध्ये ‘झिंदगी’ वाहिनी आली आणि अम्मीच्या घरात पुन्हा तीच भाषा ऐकू यायला लागली. उमेरा अहमद यांचं ‘झिंदगी गुलझार है’ तिने दोनदा पाहिलं. त्यातली कशफ गरिबीला कंटाळून अल्लाशी भांडते, रोजनिशीत तक्रारी लिहिते. अम्मीला ते फार भावलं. भांडायला तरी जवळचं माणूस लागतं, म्हणाली. 2016मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर ती नाटकंही बंद झाली. त्याच वर्षी तिकडे ‘उडारी’त लहान मुलीवरचा अत्याचार दाखवला म्हणून तिथल्या नियामक मंडळाने वाहिनीला नोटीस काढली. अम्मी तेव्हा रागावली होती. असं करणारा माणूस मोहल्ल्यात राहू शकतो आणि दाखवणाऱ्याला नोटीस, हे तिला समजेना.

आणि मग फोनवर ‘मेरी ज़ात ज़र्रा-ए-बेनिशाँ’ आलं. 2009चं, पण अम्मीने उशिरा पाहिलं. त्यात सासू सुनेवर, सबावर, बदचलनीचा आळ घेते आणि कुराणावर हात ठेवून खोटी शपथ खाते. समीना पीरजादांनी ती सासू केली आहे. त्या प्रसंगाला अम्मीने फोन पालथा ठेवला.

याला कारण आमच्या घरची एक जुनी गोष्ट. नानीच्या वडलांची हापूसची कलमं होती, बांधावरची. दोन की तीन, यावर अजून एकमत नाही. अम्मी दोन म्हणते, मामू तीन. एका भाऊबंदाने ती आपली म्हणून सांगितली. कागद कुणाकडेच नव्हता. जमातीची माणसं बसली. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी, असा आपला दंडक. पुरावा नव्हता, तेव्हा पणजोबांनी मशिदीत शपथ घेतली की मिटलं असतं. झाडं त्यांचीच, त्यांच्या हातची. पण ते उठले आणि म्हणाले, खरं असलं तरी आंब्यासाठी मी अल्लाचं नाव घेणार नाही. झाडं गेली. नानी तेव्हा लहान होती. बापाने बरोबर केलं असं ती मरेपर्यंत म्हणायची, आणि मे महिन्यात त्या बांधावरून जाताना तोंड फिरवायची, हेही मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी अम्मीने फोन पुन्हा हातात घेतला. ‘शेवटी कबूल करते का ती, एवढंच बघायचंय.’ सासू करते. स्वतःच्या मुलाजवळ करते, सगळ्यांचं वाटोळं झाल्यावर. सबा तिला माफ करते.

इथे अम्मीचं आणि कराचीच्या माझ्या मावसबहिणीचं बिनसलं. खाला आता नाही, पण तिची ही लेक दर जुम्म्याला अम्मीला आवाजी निरोप पाठवते. तिचं म्हणणं, सबाने माफ करायला नको होतं; इतक्या खोट्या शपथेची माफी एका वाक्यात कशी? अम्मी म्हणते, अल्लाच्या बाबतीत चुकलं तर अल्ला माफ करील, पण माणसाच्या बाबतीत चुकलं तर त्या माणसानेच माफ करावं लागतं, ते अल्लाही करणार नाही म्हणतो. मग सबाने दार बंद केलं असतं तर ती बाई गेली कुठे असती? मावसबहीण विचारते, आणि मग सबाचं काय? गेल्या शुक्रवारी अम्मीने तिला पणजोबांच्या कलमांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, दोनच झाडं धरून. निरोप चांगला मोठा होता. उत्तरात बहिणीने एवढंच विचारलंय की झाडं घेतली त्या भाऊबंदाला नानीच्या वडलांनी माफ केलं होतं का. अम्मी मामूला फोन लावायला सांगते आहे.