मांडीवरचा हिशेब

तालवाद्यांची चुरस म्हटली की मराठी माणसाला पुण्यातली ढोल-ताशा पथके आठवतात. शेकडो हात एका ठोक्यावर पडतात, कुणाचा ठोका चुकला, कुणाचा आवाज घुमला, यावर विसर्जनानंतर आठवडाभर बोलणे चालते. चेन्नईतली चुरस याच्या नेमकी उलट आहे. इथे वाजवणारा एक असतो आणि मोजणारे शेकडो. डिसेंबरच्या संगीत हंगामात मयिलापूरच्या कुठल्याही सभेत जाऊन बसा. गाणे सुरू झाले की आजूबाजूचे उजवे हात मांडीवर ताल धरू लागतात: एक थाप, तीन बोटे, मग थाप आणि उताणा हात, पुन्हा थाप आणि उताणा हात. हा झाला आठ मात्रांचा आदि ताल. व्यासपीठावर परीक्षक बसलेले नसतात, ते सगळे खुर्च्यांमध्ये असतात.

या शहरात राहून मी हे मोजणे आणि त्यावरची भांडणे बरीच वर्षे ऐकत आले आहे. कँटीनमध्ये कॉफी पिता पिता दोन वयस्क गृहस्थ अर्धशतकापूर्वीच्या एका मैफलीतल्या एका तिहाईवरून एकमेकांचे तोंड बघेनासे होतात, हे इथे नवलाचे नाही. त्याबद्दल मराठीत लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. या भांडणांचा धागा मागे मागे नेला की तो तंजावरात एका मराठी माणसाच्या नावापाशी जाऊन थांबतो.

आधी मोजतात ते काय, हे सांगायला हवे. कर्नाटक मैफलीत मुख्य रचनेनंतर गायक थांबतो आणि मृदंगाला एकट्याने बोलायची मुभा मिळते. तिला तनि आवर्तनम म्हणतात. तिच्या शेवटी कोर्वै येते, म्हणजे बोलांची एक मोजून बांधलेली रचना, जी तीनदा वाजवून वादक ठरलेल्या जागी उतरतो. आपल्याकडची तिहाई माहीत असलेल्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. पण इथला हिशेब लांबचा असतो. साधे उदाहरण घेऊ. आदि तालाच्या एका आवर्तनात प्रत्येक मात्रेचे चार भाग केले तर बत्तीस होतात, दोन आवर्तनांत चौसष्ट. आता सात अक्षरांचे सात तुकडे घ्या, एकोणपन्नास झाले. त्यांच्यामागे ‘तदिगिणतोम्’ हा पाच अक्षरांचा बोल तीनदा जोडा, पंधरा झाले. एकोणपन्नास आणि पंधरा मिळून चौसष्ट. वादक समेवर येतो आणि सभागृहातले सगळे हात त्याच क्षणी मांडीवर पडतात. गाण्याची उठावणी समेनंतर असेल तर तेवढी अक्षरे धरून सगळे गणित नव्याने मांडायचे. हे सर्व वाजवता वाजवता.

तमिळमध्ये या गणिताला कणक्कु म्हणतात. शब्दाचा अर्थच हिशेब. वाण्याच्या वहीतलाही कणक्कु आणि मृदंगाचाही कणक्कुच. त्याच्यासमोर दुसरा शब्द ठेवला जातो, नादम. मृदंगाच्या कातड्यातून निघणारा स्वर, त्याची गोलाई, गाण्याच्या शब्दाला त्याने दिलेला आधार. रसिकांची दोन गटांत विभागणी याच शब्दांवर होते. एकजण म्हणतो, ‘काय हिशेब मांडला!’ दुसरा म्हणतो, ‘हिशेबनिसाला ऐकायला मी आलो नव्हतो.’

हे दोन पक्ष परंपरेच्या नावांनीही ओळखले जातात. एक तंजावूर, दुसरा पुदुक्कोट्टै. पुदुक्कोट्टैचा उगम मान्पूंडिया पिळ्ळै यांच्यापासून धरतात. घोरपडीच्या कातड्याची कंजिरा त्यांनी कर्नाटक मैफलीत मानाने आणून बसवली, आणि कठीण गणिते एका हाताने सहज सोडवण्याची कीर्ती मिळवली. त्यांच्या शिष्यांत दक्षिणामूर्ती पिळ्ळै हे सर्वांत गाजलेले. तंजावूरच्या परंपरेच्या आरंभी नाव येते ते नारायणस्वामी आप्पांचे.

आप्पा मराठी होते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते. राजांमागोमाग कारकून आले, शास्त्री आले, हरिदास आणि गोसावी आले. कावेरीकाठी मराठी कीर्तन तमिळ कानांवर पडू लागले आणि साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते तिथल्या हरिकथेत मुरली. एकोणिसाव्या शतकातले आप्पा या भजन-कीर्तनाच्या जगातले मृदंगवादक. भजनात मृदंग वाजवणाऱ्याची पहिली जबाबदारी असते ती गाणाऱ्यांना एकत्र धरून ठेवण्याची. तिथे आपले गणित दाखवायला जागा नसते, शब्द कुठे श्वास घेतो ते ओळखावे लागते. तंजावूर बाजाची खूण म्हणून रसिक आजही जे सांगतात, म्हणजे भरीव नाद आणि गाण्याच्या अंगाने जाणारी संगत, ते भजनातल्या या शिस्तीशी जुळते असे मला वाटते.

नावाचीही एक गंमत आहे. आपण ‘आप्पा’ ऐकतो तेव्हा वाड्यातले कुणी वडीलधारे डोळ्यांपुढे येतात. तमिळ माणूस तोच शब्द ऐकतो तेव्हा त्याला ऐकू येतो तो थेट ‘बाप’. एका परंपरेच्या मूळ पुरुषाला दोन्ही अर्थ सारखेच शोभतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राजांची नावे दगडात राहिली. आप्पांचे नाव राहिले ते ‘तुझा गुरू कोण, त्याचा गुरू कोण’ या वादात. मी मराठीत वाढले, पण हे नाव मला मराठी पुस्तकाने दिले नाही, मृदंगावरून भांडणाऱ्या तमिळ श्रोत्यांनी दिले.

विसाव्या शतकात या वादाला दोन चेहरे मिळाले. आप्पांच्या परंपरेत शिकलेल्या तंजावूर वैद्यनाथ अय्यर यांचे शिष्य पालघाट मणी अय्यर (१९१२–१९८१), आणि पुदुक्कोट्टै परंपरेतले पळनी सुब्रमणिय पिळ्ळै (१९०८–१९६२). मणी अय्यर गाण्याच्या आत शिरून वाजवत, ओळ उचलली जाण्याआधीच तिचा आकार त्यांच्या हातात असे. पळनींच्या डाव्या अंगाचा घुमारा आणि गणितातली स्वच्छता यांवर त्यांचे चाहते आजही जीव टाकतात. मात्र चाहत्यांनी आखलेल्या रेघा वादकांनी पाळल्या नाहीत. मणी अय्यर दक्षिणामूर्ती पिळ्ळैंच्या वादनाने भारावले होते आणि त्यांच्या हिशेबाला कुणी कमी लेखले नाही. पळनींच्या नादाला तर त्यांचे विरोधकही मान देत. पक्ष श्रोत्यांनी बांधले, वादक मात्र एकमेकांकडून घेत राहिले.

वाद फक्त बाजाचा नव्हता, नियमांचाही होता. पळनी डावखुरे. कर्नाटक मैफलीत गायकाच्या एका बाजूला व्हायोलिन आणि दुसऱ्या बाजूला मृदंग असतो, आणि मृदंगाचे स्वराचे तोंड श्रोत्यांकडे येईल अशी बैठक ठरलेली असते. डावखुऱ्यासाठी व्हायोलिनवाल्याने जागा बदलायला हवी, आणि ते सर्वांना मान्य नव्हते. चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारखा वजनदार गायक पाठीशी उभा राहिला तेव्हा ही अडचण सरली. जागेचा हा नियम कुठल्या ग्रंथात लिहिलेला नव्हता, पण त्यावर एखाद्याचे काम अडू शकत होते.

दुसरा वाद मायक्रोफोनचा. मैफल देवळातून आणि वाड्यातून सभागृहात आली, सभागृह मोठे झाले आणि ध्वनिवर्धक आला. मणी अय्यरांना तो नको होता. हाताच्या दाबाचे जे बारकावे त्यांनी आयुष्यभर कमावले ते यंत्र एकसारखे करून टाकते, अशी त्यांची तक्रार होती, आणि पुढच्या काळात त्यांनी त्याविना वाजवण्याचा आग्रह धरला. मद्रासच्या म्युझिक अकादमीने १९६६ मध्ये त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. मृदंगवादकाला ती पहिल्यांदाच मिळत होती. अकादमी १९२८ पासूनची. इतकी वर्षे ती पदवी साथीदार तालवादकाकडे वळली नव्हती, आणि वळली तेव्हा पळनींना जाऊन चार वर्षे झाली होती. रसिकांच्या वहीत ही नोंद आजही उघडी आहे.

इथे मला अमेरिकेतल्या ड्रम कोअरची आठवण होते. तिकडे ढोल आणि पितळी वाद्ये घेऊन मैदानावर संचलन करणाऱ्या तरुणांच्या पथकांची स्पर्धा होते, १९७२ पासून तिची राष्ट्रीय अजिंक्यपदे भरतात आणि शंभरपैकी गुण दिले जातात. पूर्वी तिथे परीक्षक चूक दिसली की एक दशांश गुण कापत असे. १९८० च्या दशकात ती पद्धत गेली आणि काय साधले त्याचे गुण मिळू लागले. सोपे पण निर्दोष वाजवणारे पथक श्रेष्ठ, की अवघड वाजवताना एखादी चूक करणारे, हा वाद त्यामुळे मिटला नाही, त्याने फक्त कपडे बदलले. २००४ मध्ये तिथे ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली तेव्हा जुने चाहते म्हणाले, आता हाताची ताकद कशी कळणार? मणी अय्यरांची तक्रार त्यांनी ऐकली असण्याची शक्यता नाही. पण कुठलीही कला मोजायला बसले की हेच प्रश्न उभे राहतात: चूक मोजायची की धाडस, हात ऐकायचा की यंत्र.

फरक एवढाच की तिकडे गुणपत्रिका छापील असते. नियम बदलायचा तर मत नोंदवावे लागते, कुणी बदलला ते कळते. चेन्नईची गुणपत्रिका मांडीवर लिहिली जाते आणि हात उचलला की पुसली जाते. ती कुणाला दाखवता येत नाही, तशी तिला जाबही विचारता येत नाही. ज्यांचे मोजायचेच नाही असे ठरले, त्यांना दाद मागायला जागा कुठे?

बाईच्या साथीला वाजवायचे नाही, हा पहिल्या फळीतल्या वादकांचा असाच एक न लिहिलेला नियम होता. मणी अय्यरांनीही तो दीर्घकाळ पाळला आणि डी. के. पट्टम्माळ यांच्यासाठी पुढे मोडला. घटम वाजवणाऱ्या सुकन्या रामगोपाल यांनी तर जाहीरपणे सांगितले आहे की त्यांच्याशेजारी बसायला काही मृदंगवादकांनी नकार दिला. त्यांचा हिशेब चुकला असे कुणी म्हटले नव्हते. हिशेब मांडायला बसूच द्यायचे नाही, असा तो नकार होता.

आणि नादाचे काय? नादपक्षाचे रसिक ज्या स्वरासाठी भांडतात तो येतो कुठून? आपल्या वारकरी पखवाजाच्या धुमेला कणीक लावतात, तशी मृदंगाच्या डाव्या अंगाला भिजवलेल्या रव्याची टिकली लावतात. उजव्या अंगावर काळ्या लेपाचे थर घोटून बसवलेले असतात. गायीचे, म्हशीचे आणि शेळीचे कातडे वापरले जाते, आणि ते निवडणे, ताणणे, कापणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः दलित ख्रिस्ती कुटुंबांनी केले आहे. तंजावरच्या सेबास्टियन यांच्या घराण्यातले पर्लांदू मणी अय्यरांचे मृदंग बनवत. टी. एम. कृष्णा यांनी या कारागिरांवर ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशनासाठी दिलेले सभागृह कलाक्षेत्राने ऐनवेळी नाकारले आणि समारंभ शहरात दुसरीकडे झाला. मृदंगाच्या नादावर शतकभर चाललेल्या भांडणात ज्यांच्या हातून तो नाद घडतो त्यांचे नाव घेतले, तर एक नवेच भांडण उभे राहिले.

म्हणून या वादांकडे मी नुसती गंमत म्हणून पाहू शकत नाही. तनि सुरू झाली की अर्धे सभागृह कॉफीला उठते, अशी इथल्या प्रत्येक मृदंगवादकाची तक्रार आहे. जे बसून मोजतात त्यांच्यामुळे ही कला टिकली हे खरे. त्यांच्या हट्टी स्मरणाने आप्पांसारखे नाव दीडशे वर्षे जिवंत ठेवले, जे काम कुठल्याही दप्तराने केले नसते. पण त्याच स्मरणाने डावखुऱ्याला, बाईला, कारागिराला वहीच्या बाहेर ठेवले. वाद घालणारा श्रोता हाच या कलेचा इतिहासकार असेल, तर इतिहासकाराची जबाबदारीही त्याच्यावर येते: आपण काय मोजत नाही, हेही त्याने स्वतःला विचारले पाहिजे.

आप्पांचे वादन आपण कुणीच ऐकलेले नाही, त्यांच्या काळात मैफली मुद्रित होत नव्हत्या. त्यांचा हिशेब उरलेला नाही आणि नादही नाही. उरले आहे ते ज्यांना त्यांनी साथ केली त्यांच्यासाठी वाजवण्याची एक रीत, आणि ती रीत कुणाची यावरून भांडणारी माणसे. मराठीत या भांडणात उतरणारे आणखी काहीजण मिळाले तर मला आनंद होईल. आपल्या आप्पांची बाजू तोवर तमिळ रसिक लढवत आहेतच.