गांधीबाबा आले, पाणी कुणी आणलं?

नकाशात सावली शोधायची तर आधी मूल सापडावं लागतं. मूलहून गडचिरोलीच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येच एखादी बोडी आणि मागं जंगलाची रेघ. याच रस्त्यावर माझं गाव. पुढं व्याहाड ओलांडलं की वैनगंगा. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नदी दोन जिल्ह्यांची सीमा झाली. सोयरिकी मात्र दोन्ही तीरांवर आहेतच.

हा मुलूख तलावांचा. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत पडून नदीला जाणारा. धानाला तर शेवटचं पाणी आश्विनात लागतं. म्हणून उतार पाहून मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचं आणि पाटानं बांधीत सोडायचं, ही विद्या गोंड राजांच्या काळापासून इथं रुजली. कोहळी समाज त्यात निष्णात. पुढं मालगुजारांनीही तलाव राखले. तालुक्यातला मोठा आसोलामेंढा तलाव इंग्रजी अमदानीतला, १९१८च्या सुमारास पुरा झालेला.

गिरणीचं कापड आल्यावरही या भागात हातसूत आणि हातमाग तगून होते. त्यामुळे चरखा संघाच्या खादीकामाला इथं पाया मिळाला. १९३६च्या फेब्रुवारीअखेर गांधी सेवा संघाचं संमेलन सावलीतच भरलं. किशोरलाल मशरूवाला अध्यक्ष होते आणि गांधीजी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथं राहिले. फाल्गुनाचा शुद्ध पक्ष, पळस फुललेला. ‘गांधीवाद’ असं काही नाही, आपल्यामागं पंथ नको, असं त्यांनी कार्यकर्त्यांना बजावलं, ते याच गावी. पुढच्या वर्षीचं संमेलन बेळगावकडच्या हुदलीला झालं.

माझी आजी तेव्हा नवी सून. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, ‘‘आजी, गांधीजी काय बोलले?’’ ती म्हणाली, ‘‘गांधीबाबा का बोलला, ते आमाले आयकू नाई आलं, बापा. आमी त तलावावरून गुंडानं पानी आनत होतो.’’

तेव्हा मला हसू आलं. आज वाटतं, तिनं इतिहासाचं वगळलेलं पान सांगितलं. कोण बोललं ते छापलं गेलं. पाणी कुणी आणलं, तलाव कुणी राखला, याची नोंद नाही.

१९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव ठरले. पण पाळ कुणी बुजवायची आणि गाळ कुणी काढायचा, हा प्रश्न बेवारस राहिला. कित्येक तलावांत गाळ साचला, बेशरम माजली. आसोलामेंढा पुढं गोसीखुर्द प्रकल्पाला जोडला गेला; लहान तलावांच्या वाट्याला तेवढं लक्ष आलं नाही.

पंथ नको, काम हवं, हे सावलीत सांगितलं गेलं होतं. उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला, की घमेलं घेऊन चार माणसांनी पाळीवर जायचं, एवढं तरी ते काम आजही आपल्या हातात आहे.